शुक्रवारचा फोन

दर शुक्रवारी शाळेतून मिसेस हॉलंडचा फोन यायचा. "तुमची मकेला वर्गात फार आरडाओरडा करते हो." फोन ठेवला की लॅट्रीस लेकीला फैलावर घ्यायची. मकेला एकच म्हणायची, "आई, ती मी नव्हते गं." मग खोटं बोलल्याची शिक्षा वेगळी. चौथ्या शुक्रवारी तर लॅट्रीसने तिचं चर्चमधलं ईस्टरचं एकटीचं गाणंच काढून दुसरीला द्यायला लावलं. "गोऱ्या पोरींचं खपतं, तुझं खपायचं नाही. कितीदा सांगू?"

पाचव्या शुक्रवारी फोन आला तेव्हा लॅट्रीस पालेभाजी धूत होती. तिने कोपराने स्पीकर लावला.

"मिस बूकर, आज तर तिने कहर केला. सबंध तास बडबड! दोनदा दारापाशी उभं केलं, तरी तोंड बंद नाही."

लॅट्रीसच्या हातातली जुडी सिंकमध्ये पडली. समोर सोफ्यावर मकेला पांघरूण घेऊन बर्फाची कांडी चोखत होती. मंगळवारी तिचे टॉन्सिल्स काढले होते. तेव्हापासून ती ना शाळेत गेली होती, ना तिच्या तोंडून शब्द फुटला होता.

"मॅडम," लॅट्रीस कशीबशी म्हणाली, "तुमच्या वर्गात आमच्या काळ्या मुली किती आहेत?"

"दोन. का हो?"

तेवढ्यात मकेला धडपडत उठली आणि गळा हाताने दाबून, फाटक्या आवाजात म्हणाली, "आई, शपथ, मी नव्हते गं."