पलंगाखालचं जटोबा
अरे ऐका ना, अमेरिकेतल्या आमच्या डुलुथच्या घरात जमिनीला ब्राझीलचं जटोबा लाकूड बसवायचं हे माझ्या धाकट्या भावानं, ओवेननंच ठरवलेलं. आजारपणात त्याचा पलंग हॉलमध्येच होता. तो गेला, पलंग हॉस्पिटलवाल्यांनी नेला, आणि खाली लाकडावर पलंगाएवढा फिकट चौकोन! आई त्यात पाऊलच टाकेना, कडेकडेनं चालायची. शेवटी बाबांनी फळ्या बसवणाऱ्या गसला बोलावलं, "काहीही कर, पण हे घालव!" गस हसला. "एवढंच? मला वाटलं पाणी शिरलं! उजेडानं जटोबा गडद होतं. दोन महिन्यांत सगळं एकसारखं. फक्त वर काही अंथरू नका, नाहीतर असंच राहील." आई ताडकन उठली आणि बेडरूममधला जाड गालिचा ओढत आणू लागली. बाबा ओरडले, "अगं, तो काय म्हणाला ऐकलंस ना?" "ऐकलं म्हणूनच! धर, धर ते टोक, पॉल!" बाबांनी टोक धरलं.