चित्रकलेचा तास

चित्रकलेचा तास आला की हेडमास्तर गणिताचं पुस्तक घेऊन आठवीच्या वर्गात हजर. "बाई, चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" असं म्हणत पद्माबाईंना वर्गाबाहेर काढायचे. वर्षभर हेच चाललं. शाळातपासणी ठरली तशी मात्र म्हणाले, "हॉलमध्ये पोरींची चित्रं लागली पायजेत. तुम्हीच काढा, खाली त्यांची नावं घाला." बाईंनी दातओठ खात वीस चित्रं रंगवली.

तपासणीला आलेले दिपोटीसाहेब रंकाळा तलावाच्या चित्रापुढं थबकलेच. "सुगरा मुल्लाणी? काय हात आहे पोरीचा!" त्यांनी सुगराला फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला. "काढ बाळ, आमच्यासमोर काढ."

"लाजाळू हाय पोरगी, साहेब," हेडमास्तर घाईनं मधे पडले आणि बाईंकडं बघून डोळे वटारले.

वर्षभर गिळलेला राग बाईंना आता आवरेना. सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "लाजतीस कशाला, सुगरा? चित्रकलेच्या तासाला जे शिकलीस, तेच काढ की!"



सुगरानं फळ्यावर मोठा त्रिकोण काढला आणि कोपऱ्यांना अ, ब, क अशी नावं दिली.