रविवार दादाचा

आईचं सगळं वेळच्या वेळी व्हावं म्हणून मी आणि दादाने मोबाईलवर एक शीट केली होती, दोघांनाही उघडेल अशी. शनिवार माझा, रविवार दादाचा. चादर बदलायची, नखं काढायची, पाय चेपायचे आणि ‘झालं’वर टिक करायची.

“माझा एक रविवार चुकलेला दाखव,” आईच्या उशाशी बसून दादा मलाच ऐकवत होता.

मी कसली गप्प बसते! शीटची हिस्ट्री उघडली आणि मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. रविवारच्या झाडून सगळ्या टिका त्याच्या ऑफिसातल्या मुलीने केलेल्या.

“वा रे श्रावणबाळा! टिक करायलाही पगारी माणूस? लाज कशी वाटत नाही? मी निदान माझ्या टिका स्वतःच्या हाताने करते.”

दादाची मान खाली गेली.

आईने पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले. नखं अगदी नीट कापलेली होती.

“ती पोरगी येते दर रविवारी. सगळं करते, मगच मोबाईल काढते,” आई म्हणाली. “शनिवारी कोण येतं गं?”