चोरटा श्वास

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ओझेल थ्रेडगिल माउंट निबो चर्चमध्ये बाकावर बसला होता. समोर त्याचीच गाणाऱ्यांची चौकडी उभी होती. तिघे नेहमीचे. चौथ्या जागी, जिथे तो स्वतः उभा राहायचा, तिथे लव्हॉन बॅटल हा न्हावी खर्जात वाजणारी विजेची बेस गिटार गळ्यात अडकवून उभा होता.

खर्जातल्या सुरांना आता माणसाचा गळा लागत नाही, हे बेसेमर गावातल्या बाकी चौकड्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. माउंट निबोवाले थांबले होते ते केवळ ओझेलला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी चौकडीचा मुख्य गवई ब्रदर हेगूड ओझेलच्या घराच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "तूच शिकव लव्हॉनला. वार्षिक जलशात वाजवू दे. जमलं तर तू आराम कर. नाही जमलं तर तू आहेसच."

इथे गाणं कागदावर नसतं. शिकवणारा कानाशी तोंड नेतो आणि तुझी ओळ तुझ्या कानात गातो, ती तशीच्या तशी परत येईपर्यंत तुला सोडत नाही. ओझेल असाच शिकला होता. मग त्यानेही सहा शनिवार लव्हॉनच्या दुकानात जाऊन त्याच्या कानात सगळा खर्ज ओतला. हातचं काही राखलं नाही. आणि आता जलशाच्या दिवशी बाकावर बसल्यावर मात्र त्याला मनापासून वाटत होतं, की लव्हॉनची फजिती व्हावी. तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"मिस्टर थ्रेडगिल, गुडघा आवरा," बायको, अर्लीन, पुटपुटली. "अख्खा बाक हलतोय."

गाणं सुरू झालं. लव्हॉन चुकत नव्हता. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात खर्ज पायरी पायरीने खाली उतरतो आणि वर तिघांचे आवाज ताटकळत राहतात. गिटार चार पायऱ्या उतरली आणि पाचवीच्या आधी गप्प झाली. डोळ्याचं पातं लवेल तेवढीच.

"दमानं घे, ओझेल! दमानं!"

पुढच्या बाकावरून चर्चमधली सगळ्यांत वडीलधारी मदर टॉलिव्हर ओरडली होती. म्हातारी गाण्यातल्या त्या जागी गेली कित्येक वर्षं हेच ओरडत आली होती. समोर ओझेल नाही हे ध्यानात आलं तशी तिने हात तोंडावर नेला. बाकाबाकांतून हसू पसरलं.

ओझेल हसला नाही. त्याचे कान तापले होते. पाइपांच्या कारखान्यातली धूळ छातीत बसली, त्या वर्षापासून त्याला ती ओळ एका दमात पुरत नव्हती. पाचव्या पायरीआधी तो चोरून श्वास घ्यायचा. अगदी छोटा, ओठ न उघडता. मदरशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, असं तो धरून चालला होता. आता त्याची चोरी गिटारीने भर चर्चमध्ये सगळ्यांना ऐकवली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, गिटार थांबली तेव्हा बाकावर बसल्या बसल्या त्याची छाती आपोआप श्वासाने भरली होती.

गाणं संपलं तेव्हा सगळं चर्च उभं होतं. ओझेलही उभा राहिला. राहावंच लागलं.

बाहेर अंगणात टेबलं मांडली होती. तळलेली कोंबडी, शिजवलेली पालेभाजी, मक्याची भाकरी. ओझेलने ताट घेतलंच नाही.

"निघालात वाटतं चुका काढायला," अर्लीन म्हणाली.

"एकच आहे. आणि ती माझी आहे."

लव्हॉन हेगूडशेजारी उभा राहून जेवत होता. ओझेल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दुसऱ्या कडव्यात थांबलास का?"

"तुम्ही थांबायचात तिथे."

"अरे, मला दम पुरायचा नाही म्हणून थांबायचो. तुझ्या गिटारीला फुप्फुसं आहेत का? सलग वाजव ते. काढून टाक."

लव्हॉनने बोटं पुसली. "काढलं होतं, ब्रदर ओझेल. शुक्रवारी तालमीत सलगच वाजवलं. हे तिघेही तोंडघशी पडले. चार वेळा." त्याने हेगूडकडे पाहिलं. "तुम्ही श्वास घेतलात की हेही घेतात आणि मगच पुढची ओळ उचलतात. यांना वाटत होतं, गाणंच तसं आहे."

हेगूडने ताट खाली ठेवलं. "आम्हाला कुठे ठाऊक होतं रे," तो म्हणाला.

ओझेलने लव्हॉनच्या मानेमागे हात घातला, त्याचं डोकं जवळ ओढलं आणि भर अंगणात त्याच्या कानात ती ओळ गायला लागला. चार पायऱ्या उतरला. पाचवीच्या आधी थांबला, तोंड उघडलं आणि आवाज करत, सावकाश, छाती पुरती भरेपर्यंत श्वास घेतला. शेजारच्या टेबलावर वाढणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग तो पाचवी पायरी उतरला.

"एवढं थांबायचं," ओझेल म्हणाला. "मी भीत होतो. तू भिऊ नकोस."