हाकेच्या अंतरावर

नवी नोकरी सोमवारपासून होती, घर आजच ठरवायचं होतं. “मुलांसाठी एकदम सुरक्षित संकुल, ताई!” दलाल सांगत होता. खिडकीचे गज तपासून ती मागे वळली, तर तीन वर्षांची लेक गायब. जिना, बाग, फाटक, कुठेच नाही. “मी फक्त गाड्या बघतो,” पहारेकरी म्हणाला. ती अनवाणीच मागच्या गल्लीत धावली. तिथे एका शिंपीणबाईंच्या दुकानात लेक चिंध्यांशी खेळत होती. कमरेला मापाची टेप बांधलेली, दुसरं टोक बाईंच्या मुठीत. “आई आहेस का वैरीण?” बाई कडाडल्या. “ही पुन्हा एकटी दिसली ना, तर तुलाच बांधून ठेवीन!” तिने लेकीला कवटाळलं. दलाल धापा टाकत पोहोचला. “मग, फ्लॅट नक्की?” “नको,” ती म्हणाली, “यांचं ओरडणं ऐकू येईल असं घर दाखवा.”