वेशीपासूनचा हेल

हितेंद्रच्या धाकट्याचं जाऊळ काढलं ते साल दोन हजार तेवीस. जाऊळ उद्यावर होतं. हितेंद्रची आत्या मंदाबाई साक्रीकडून एक दिवस आधीच निघाली आणि दुपारच्या बसने एरंडोलजवळच्या आपल्या माहेरगावी उतरली.

बोलावणं भाच्याचं होतं, भावाचं नव्हतं. पाच वर्षांमागे तिच्या मुलाच्या लग्नात मामाला फेटा बांधायचा राहून गेला, आणि तो मामा, म्हणजे हितेंद्रचा बाप लोटन आबा, तिच्या दारातून उपाशी उठून गेला. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. भाऊ आपल्याला 'ये' म्हणतो की तोंड फिरवतो, एवढाच घोर तिच्या जिवाला होता.

गल्लीच्या तोंडाशी ती थबकली. लोटनच्या ओट्यासमोर तिरडी होती. भोवती माणसं. मडक्यातून धूर निघत होता.

कोण गेलं, हे तिने विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. माहेरी आलेली लेक आधी रडण्याचा हेल काढते, मग पुढचं कळतं. मंदाबाईने पिशवी मातीत टाकली, पदर तोंडाला लावला आणि तिचा आवाज गल्लीभर गेला.

"माय वं! मना भाऊ रे! आते कोना दारले येऊ रे मी?"

माणसं बाजूला सरली. ती तिरडीजवळ कोसळली. तोंडावरचं कापड काढलं. लोटनच होता. नाकात कापूस, कपाळाला बुक्का.

"मना दारथून उपाशी गया रे तू! फेटाना मान मी इसरनी, पन मना मान ते तूच व्हता रे भाऊ!"

आई गेल्यावर याच भावाने तिची वेणी घातली होती, वाकडी. पोरी हसल्या म्हणून शाळेच्या दारात जाऊन भांडला होता. तिच्या लग्नात बैलगाडीमागे फाट्यापर्यंत पायी आला होता. सगळं तिने हेलात ओवलं. पाच वर्षं रोज मनात बोलली, ते सगळं. भोवतीच्या बाया डोळे पुसायला लागल्या.

आणि मढ्याच्या डोळ्यातून पाणी आलं. कडेने ओघळून कानात गेलं.

मंदाबाईचा हेल तिथेच तुटला. तिने वाकून पाहिलं. मग दोन्ही हातांनी भावाच्या छातीवर बडवायला लागली.

"जित्ता शे! हाऊ ते जित्ता शे वं!"

"कट!" मागून कोणीतरी ओरडलं. तेव्हा कुठे तिला कॅमेरा दिसला.

धुळ्याचा पियुष अहिराणी मालिका काढायचा, लोक मोबाइलवर बघायचे. आज मरणाचं दृश्य होतं. मढं व्हायला आणलेला माणूस तिरडी बघूनच पळाला, आणि गावात दुसरं कोणी आडवं होईना. लोटनची बायको लताबाई त्याला म्हणाली होती, उद्या घरात जाऊळ आणि आज दारात हे काय? "खोटा मढाले सुतक नही लागत," म्हणत लोटन आबा स्वतःच जाऊन झोपला. कट म्हटल्याशिवाय हलू नका, असं पियुषने बजावलं होतं. तो हलला नव्हता. डोळ्यांवर मात्र त्याचा इलाज चालला नाही.

आता तो तिरडीवर उठून बसला. नाकात कापूस तसाच.

"जेवनी का वं तू?" त्याने विचारलं.

पाच वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. मंदाबाईने मान हलवली. जेवली नव्हती.

"लता, ताट कर बहीनले. मना बी कर."

पियुष पुढे आला. "मावशी, असं रडणं मी कुठल्या नटीकडून ऐकलं नाही. पण आबा रडले आणि सगळं फुकट गेलं. मढं कुठं रडतं का? पुन्हा एकदा कराल?"

मंदाबाई उसळली. "भाऊ समोर जित्ता बठेल शे, आनि मी त्याना नावनं रडू? येडा शे का तू?"

"रड वं," लोटन म्हणाला. "इतलं चांगलं मनाबद्दल आजलोंग कोनीच बोलनं नही. आखो एक डाव आयकू दे."

गल्ली खो खो हसली. मंदाबाईही हसली, पदरात तोंड घालून. मग जेवण झाल्यावर ती पुन्हा गल्लीच्या तोंडाशी गेली, पिशवी मातीत टाकली आणि तिथून हेल काढत आली. या वेळी मढं दगडासारखं पडून राहिलं.

जाऊळ झालं. महिनाभरात पियुषचा फोन आला. आधी रडणारी, मग खाष्ट सासू, मग सरपंच. साठी ओलांडलेल्या मंदाबाईला साक्रीच्या बाजारात पोरी ओळखायला लागल्या. धुळ्याला मालिकेच्या फलकावर तिचं नाव मोठ्या अक्षरात लागलं.

ते नाव त्याहून मोठं लोटन आबाने केलं. एरंडोलच्या बाजारात तो मोबाइल घेऊनच फिरे. भाजीवाला, कापडवाला, न्हावी, कोणी सुटला नाही. "हाऊ मढा मी शे. आनि हाई रडस ती मनी बहीन."

"आबा, मरेल मानूस बाजारमा काय करी राह्यना?" निंबा न्हाव्याने एकदा चिडवलं.

"बहीन दखाडी राह्यनू," आबा म्हणाला, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

लोटन आबा दोन हजार पंचवीस साली, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी घरीच वारला. त्या दिवशी मंदाबाईने हेल वेशीपासूनच काढला.