सरांचा स्फटिक

प्रथिनाचा स्फटिक वाढवायचा तर त्याच्या द्रावणाच्या थेंबाला जराही धक्का लागता कामा नये, हे सरांनी स्वतःच्याच पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं. आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन प्रयोगशाळेत येणारे, "बघू, काय म्हणतोय आपला स्फटिक?" म्हणत कपाटातली थेंबांची तबकडी उजेडात धरून हलवणारेही सरच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! चार वर्षं प्रत्येक थेंबात नुसता गढूळ गाळ जमला आणि खापर फुटलं ते त्यांच्या सहायिकेच्या डोक्यावर. "तुझा हातगुणच वाईट," सर म्हणायचे.

मग सर तीन आठवडे परदेशी परिषदेला गेले, प्रथिनांच्या स्थैर्यावर भाषण द्यायला. परतले तेव्हा थेंबात लखलखीत स्फटिक बसलेला. सरांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि शोधनिबंधावर आपलं नाव पहिलं घातलं.

नियतकालिकाचं उत्तर आलं: प्रयोग पुन्हा करून दाखवा, मगच छापू.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "आता कसं गं? जमेल तुला?"

"जमेल की, सर. तुम्हाला त्या दुसऱ्या परिषदेचं आमंत्रण आलंय ना? खुशाल जाऊन या."

सरांना गहिवरून आलं. "माझा किती विचार करतेस!"

सर विमानात बसल्याचं कळल्यावरच तिनं नवे थेंब मांडले. मग प्रयोगाच्या वहीत नीट अक्षरांत नोंद केली: तापमान अठरा अंश. क्षार नेहमीइतकाच. सर गैरहजर.